ताठ उभा गडी

चाकणच्या एस.टी. थांब्यावर दत्तोबा बाकावर टेकले होते. शेजारी हमाल कोंडीराम बायकोवर डाफरत उभा होता. वर्षापूर्वी कांद्याच्या गोण्यांची थप्पी त्याच्या पाठीवर कोसळली होती.

“अवं, हलक्या कामाचा कागद दिला का दाक्तरानं?”

“दिला की! लिवलंय, गोण्या उचलाय लायक!”

“आन् ठणकती पाठ?”

“म्हनला, हाड जुळलंय. तीन तास रांगंत ताठ हुबा हुतास, गडी तगडा हाय!”

“सांगायचं न्हाई, बसलं की कळ मस्तकात जाती म्हून?”

“सांगितलं! तर म्हनला, मग बसू नगंस.”

दत्तोबा सवयीनं सरकले. “बसा की, पाव्हणं.”

कोंडीरामनं असं पाहिलं, की दत्तोबाच उठून उभे राहिले.

“उद्या बैलगाडीत आडवा घालून ने मला,” कोंडीराम बायकोला म्हणाला. “दाक्तराच्या दारातच पडून ऱ्हातो. बघू, आता कशाला लायक लिवतोय!”