लाईट आपलीच जाते

आई: ...आणि शेजारी जाऊन बघते तर त्यांच्याकडे पंखा गरगर फिरतोय. अख्ख्या गल्लीत आपलीच लाईट गेलेली. आपणच काय ते सावत्र!

मुलगी: फ्यूज बघितलास?

आई: वायरमनलाच बोलावलं. तो म्हणाला, मावशी, तुमच्या घरात सगळं ठणठणीत आहे, वरूनच बंद होतंय. थोड्या वेळाने आपोआप येते. पण माझं मशीन मध्येच अडतं ना. काल एका गणवेशाची बाही उसवून पुन्हा लावली.

मुलगी: हं.

आई: नुसतं हं काय? विजेच्या ऑफिसात आहेस ना तू?

मुलगी: आई, कितीदा सांगू? विजेच्या ऑफिसात नाही मी. वीज कंपनीला लागणारं सॉफ्टवेअर जिथे बनतं, तिथे आहे.

आई: तेच ते.

मुलगी: तेच नाही ते.

आई: बरं बाई, नाही. जेवलीस का?

मुलगी: बिस्किटं खाल्ली. आत्ताच खोलीवर आलेय. बूटसुद्धा पायातच आहेत.

आई: आवाज बघ कसा झालाय. कॉलेजात होतीस तेव्हा फोन ठेव म्हणून ओरडावं लागायचं. आता मी फोन करायचा आणि तू हं हं करायचं. दुपारी जेवताना एक फोन करायला काय जातं तुझं?

मुलगी: दुपारी जेवते कुठे मी? तेव्हाच टेस्टिंग असतं.

आई: म्हणजे काय करता?

मुलगी: ऑफिसात बसून लांबच्या मीटरची वीज बंद करता येते का ते बघायचं. बटण दाबायचं, पडद्यावर ‘बंद’ आलं की परत चालू करायची. ते उरकलं की तक्रारी. हेल्पलाईनवर लोक करतात ना, त्या. नवीन मुलांच्या गळ्यात तेच काम मारतात.

आई: मग माझी तक्रार बघ की! चार वेळा केली. दरवेळी आपला मेसेज येतो, आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे. कसलं डोंबलाचं निवारण! कोण मेला बसलाय तिथे, न बघताच बंद करून टाकतो.

मुलगी: मी.

आई: काय मी?

मुलगी: मीच बसलेय तिथे. ढिगाने येतात गं. मीटरवर वीज दिसली की सगळ्यांवर एकदम टिक करायची आणि बंद. नावं वाचायला वेळच नसतो.

आई: माझंही नाही वाचलंस?

मुलगी: नाही.

आई: बरं.

मुलगी: आई, थांब जरा. कधीपासून जातेय लाईट?

आई: गेल्या आठवड्यापासून. दुपारची भांडी आवरून मशीनवर बसले, की गेलीच.

मुलगी: रविवारी?

आई: रविवारी नाही गेली. रविवारी मस्त काम झालं. का गं?

मुलगी: अरे देवा.

आई: काय झालं? घाबरवू नकोस हं.

मुलगी: नोकरीला लागले तेव्हा टेस्टिंगसाठी मीटरचे नंबर भरायचे होते. खोटे भरा म्हणाले होते, पण सिस्टीम खोटे घेईना. मला एकच खरा नंबर पाठ होता.

आई: आपला?

मुलगी: शाळेत असल्यापासून बिल भरायला मीच जायचे ना. मजा वाटली तेव्हा, आपलं घर आपल्या पडद्यावर! आणि ते कशाला जोडलेलंही नव्हतं. गेल्या आठवड्यात खऱ्या मीटरना जोडलं.

आई: म्हणजे?

मुलगी: म्हणजे रोज दुपारी आपली लाईट मीच घालवते. मग तू तक्रार करतेस, तीही मीच बंद करते.

आई: (हसू न आवरून) अगं, वैरीसुद्धा इतकं मन लावून करणार नाही!

मुलगी: हसू नकोस ना. जोडायच्या आधी मॅडमनी सगळ्यांना विचारलं होतं, कोणी खरे नंबर भरलेत का, तपासून सांगा. मी न तपासताच ‘नाही’ कळवलं. डोळे मिटत होते माझे.

आई: मग उद्या गुपचूप काढून टाक. कोणाला कळतंय? परवा तुला कायम करायचं ठरणार. तोंडाशी आलेला घास आहे.

मुलगी: आपला काढीन. पण बाकीच्यांनीही असेच भरले असणार. त्यातली कुठली घरं खरी आहेत, मला कळणार नाही.

आई: बाकीच्यांचं तुला काय करायचंय? दीड वर्ष रक्त आटवलंस. आधी स्वतःचं बघ.

मुलगी: तुझी नुसती बाही उसवावी लागली. कोणाकडे श्वासाचं मशीन असलं तर? त्यांची तक्रारही माझ्याकडेच येईल आणि मी त्यावरही टिक करीन.

आई: छे, तशी नाहीस तू.

मुलगी: तुझ्यावर केलीच ना, आई?

आई: ...मॅडम रागावतील?

मुलगी: रागावल्या तर बरंच. त्या नुसतं ‘बघू’ म्हणतात. मग कायम व्हायचं राहतं बाजूला. आई, खूप दमलेय गं मी. कधी वाटतं, काढलं तर सुटेन. आणि लगेच वाटतं, खरंच काढलं तर?

आई: कर फोन मॅडमना. आत्ताच कर. उद्यावर टाकलंस तर मीच परत म्हणेन, गप्प बस.

मुलगी: तू तर सगळीकडे सांगून बसलीस, लेक कायम झाली म्हणून.

आई: मी सांगितलं, मी निस्तरेन. तू आधी बूट काढ, पाणी पी आणि लाव फोन.

मुलगी: हो. उद्यापासून नाही जाणार तुझी लाईट.

आई: आणि मी वेडी! रोज दुपारी बंद मशीनपुढे बसून म्हणायचे, पोरीला आपली आठवणसुद्धा येत नाही.