दत्तारामच्या खिशातला कागद

सुमनवहिनी, नीट बसलात ना? बीपीची गोळी घेतलीत का सकाळी? मान हलवताय, म्हणजे घेतलीत असं धरतो. सपकाळबाई, गुडघा कसा आहे? दोन चाळी ओलांडून चालत आलात, आता सारखं उठबस करू नका. जाधवमामा, खोकला कमी दिसतोय. तरी दाराजवळ सरका, तिथं वारा लागेल. आणि समोरच्या खुर्चीवर जो मोबाईल उभा करून ठेवलाय, त्यात सपकाळबाईंची रेश्मा आहे, मँचेस्टरहून. रेश्मा, बाळा, ऐकू येतंय का गं? सर्दी गेली का? तिच्याबरोबर आणखी चार-पाच जण तिकडून बघतायत म्हणे. तुम्हीही सगळे बरे आहात ना?

सगळ्यांची विचारपूस करतोय, कारण पुढचं बोलायला जीभ रेटत नाही.

मी परब. चाळीत मला मास्टर म्हणतात, शिंपी म्हणून. शाळा सातवीपर्यंत, बाकी जे काही वाचलं ते मशीनवर बसून. भाषण मला येत नाही. आणि दत्तारामबद्दल 'होता' म्हणून बोलायचं तर अजिबात येत नाही. आठ दिवस झाले, अजून सकाळी मशीनवर बसलो की कान जिन्यातल्या त्याच्या हाकेकडे असतात.

इथल्या लोकांना दत्ता माहीत आहे. पण शीवहून, कॉटन ग्रीनहून मंडळी आलीत. त्यांतल्या काहींनी त्याचा फक्त फोनवरचा आवाज ऐकलाय. त्यांच्यासाठी सांगतो.

दत्ताराम फोर्टातल्या एका कॉलेजात शिपाई होता. नोटिसांच्या फळ्याला काचेचं दार, आणि त्या दाराची किल्ली ह्याच्याकडे. परदेशात शिकायला अमुक ट्रस्ट मदत करणार, अर्ज अमुक तारखेच्या आत द्या, असे कागद यायचे. दत्ता ते टाचणीनं लावायचा. तारीख उलटली की काढायचा. एकदा माझ्या दुकानात बसून म्हणाला, "मास्टर, जसा लावतो तसाच काढतो. कोणी बोट लावत नाही. ज्यांना दिसतो त्यांना गरज नाही, आणि ज्यांना गरज आहे ती पोरं त्या काचेपर्यंत पोचत नाहीत."

त्या दिवसापासून तो कागद उतरवून घ्यायला लागला. इंग्रजी येत नव्हतं, तेव्हा अक्षरं चित्रासारखी काढायचा. मग डिक्शनरी घेऊन बसला. मग कॉलेजा-कॉलेजांतले शिपाई गोळा केले. गिरगावातले सावंत इथंच बसलेत, ते त्यातलेच. कुठंही असा कागद आला की त्याची एक प्रत दत्ताकडे. लहान-लहान ट्रस्ट असतात, त्यांची वेबसाइट नसते. ऑफिसात जाऊन हातानं फॉर्म आणावा लागतो. ते सगळे दत्ताच्या डोक्यात असायचे.

आणि मग त्यानं तो फळा लावला. इथंच, ह्या मंडळाच्या खोलीबाहेर, जाता-येता सगळ्यांना दिसेल असा. कोण कुठं अर्ज करतंय, शेवटची तारीख कधी, आणि कुठला कागद अडलाय.

काय भडकले होते लोक. आपल्याकडची रीत तुम्हाला माहीत आहे. परदेशाचं ठरलं की पासपोर्ट तांदळाच्या डब्यामागे. पेढे पोरगी पोचल्यावर. तोवर सख्ख्या काकालाही पत्ता नाही. नजर लागते. सपकाळबाई, सांगू का? सांगतो. ह्या बाईंनी रेश्माचं नाव पदरानं पुसलं होतं. दत्तानं परत लिहिलं. ह्यांनी परत पुसलं. तिसऱ्यांदा खडू धरून तो म्हणाला, "ताई, पुसा तुम्ही. पण रेश्माचं जातवैधतेचं प्रमाणपत्र कुठं अडलंय ते कुणाला कळलंच नाही, तर ते सोडवणार कोण? नजर?"

आणि दुसऱ्या दिवशी दूध घेऊन जाताना शेजारच्या चाळीतल्या एका बाईनं ते वाचलं. म्हणाली, आमच्या दिराचंही असंच अडलं होतं. ऑफिसवाल्यांना आजोबांचा शाळेचा दाखला लागतो, गावाहून मागवा. मागवला. सुटलं. रेश्मा गेली. हसतेयस काय गं फोनात? खरं आहे ना?

रेश्मानंतर बरीच गेली. दत्ता प्रत्येकाला माझ्याकडे धाडायचा, कोट शिवायला. "मास्टर, ह्याचं माप घे, आणि अस्तर जाड लाव." म्हणजे मी बाहेरचा माणूस नव्हतो. फळ्यावरचं एकेक नाव माझ्या मापाच्या टेपखालून गेलंय. लोक कुरकुरले की मीच त्यांना समजवायचो. अहो, लपवून काय मिळतं, सांगा ना चार लोकांना.

हे मी बोलायचो. लक्षात ठेवा, मी.

आता आमच्या तन्वीचं. माझी नात. ती तिकडे खांबापाशी उभी आहे. तिला विचारूनच उभा राहिलोय. ती एवढंच म्हणाली, "आजोबा, आता तरी सांगा."

तन्वीला स्कॉटलंडमध्ये प्रवेश मिळालाय. सांडपाणी शुद्ध कसं करायचं, त्याचं मोठं शिक्षण आहे. मिळून तीन महिने झाले. इथल्या कुणाला माहीत नव्हतं. पत्र आलं त्याच दिवशी पोरगी खडू घेऊन फळ्यापाशी गेली होती. मी जिन्यावरून हाक मारली, वर ये आधी. वर आमची सौ. दार लावून बसलेली. "पोरगी इमानात बसल्याशिवाय कोणाक काय बोलू नकात हां." मी तिच्यावर ढकलत नाही. मलाही तेच वाटत होतं. दुसऱ्याच्या मुलीचं नाव फळ्यावर असलं की मी शहाणा. माझ्या घरावर आलं, तर मीही दार लावलं. तिचा कोटसुद्धा मी दुकानाचं शटर अर्धं ओढून शिवला.

तन्वी म्हणाली, "आजोबा, निदान दत्ताकाकांना तरी?" म्हटलं, दत्ताला सांगितलं की फळ्यावर जाणार. आपलं आपण बघू.

आम्ही आपलं आपण बघितलं. पैशांसाठी जिथं-जिथं अर्ज केले, तिथं एक तर तारीख गेलेली किंवा नकार. दत्ता दोनदा विचारून गेला. "तन्वीचं काय चाललंय रे?" मी म्हटलं, नोकरी बघतेय. चाळीस वर्षांच्या दोस्तीत मी त्याला कापडाचा भावसुद्धा खोटा सांगितला नव्हता.

आणि मग तो रविवार. सकाळची वेळ. आमच्याकडे सौ.ची बहीण आली होती शीवहून, शेवंता. पोहे खात बसलो होतो. दत्ता तीन जिने चढून वर आला. दम लागलेला. दारातच उभा राहिला. खिशातून घडी केलेला कागद काढला आणि म्हणाला, "मास्टर, एका ट्रस्टाचा कागद आलाय. पाण्याच्या विषयावर बाहेर शिकायला जाणाऱ्या मुलीला पूर्ण मदत. मुलीलाच, आणि पाण्यावरच. असं परत येणार नाही. तुझ्या बघण्यात आहे का कोणी?"

मी शेवंताकडे बघितलं.

आणि म्हटलं, "नाही बुवा."

आता मला वाटतं, त्याला माहीत होतं. नाहीतर तो दम लागत असताना तीन जिने चढून माझ्याच दारात का येईल? त्यानं तन्वीचं नाव घेतलं नाही. घेतलं असतं तर माझं खोटं उघडं पडलं असतं, तेही पाहुण्यांसमोर. माझी लाज राखायला तो "कोणी" म्हणाला. आणि मी त्या "कोणी"ला नाही म्हटलं. त्यानं कागदाची घडी केली, परत खिशात ठेवला. सौ. म्हणाली, "भाऊजी, पोहे खावन जावा." तो म्हणाला, "नको वहिनी, ह्याला पंधराच दिवस आहेत. ज्याला लागेल त्याच्याकडे पोचवतो."

शेवंता, तू इथं बसलीयस. राग मानू नकोस. तुझी नजर काही वाईट नाही. आमची भीती वाईट.

मी ठरवलं, सकाळी खाली जाऊन त्याला एकटा गाठायचा. सकाळी खाली गेलो तर त्याच्या दाराला कुलूप. पहाटेच त्याला हॉस्पिटलात नेलेलं. बुधवारी तो गेला.

वहिनी, त्यानंतर तिसऱ्या दिवशी मी तुमच्याकडे आलो, त्याचा रविवारचा शर्ट बघू का म्हणून विचारलं. तुम्हाला वाटलं, आठवण म्हणून मागतोय. तुम्ही शर्ट हातात दिलात आणि रडलात, आणि मी तुमच्यासमोर त्याचा खिसा चाचपत होतो. माफ करा मला. खिसा रिकामा होता. टेबलावरही तो कागद नाही. म्हणजे रविवारी दुपारी त्यानं तो कुणाला तरी दिला.

मग मी घरोघर फिरलो. पण कसा फिरलो बघा. तेव्हाही मी खरं बोललो नाही. दत्तानं काही कागद दिला होता का? कसला कागद? असाच, काही. कशाला हवाय? काही नाही, असंच. आता असं विचारणाऱ्याला कोण काय सांगणार? जाधवमामांनी मला विजेचं बिल आणून दिलं. बरोबर आहे त्यांचं. मी मागत काय होतो तेच मी सांगत नव्हतो. सावंतांनी तेवढं सांगितलं की पाकीट त्यांच्याकडून गेलं होतं, पण त्यांनी ते उघडलं नव्हतं. ट्रस्टाचं नाव त्यांना ठाऊक नाही. तन्वी आठ दिवस कॉम्प्युटरवर शोधतेय, सापडत नाही. माझ्यावर ती रागही काढत नाही. चहा आणून ठेवते, कप वाजवत नाही. वाजवला असता तर बरं वाटलं असतं.

पंधरातले अकरा दिवस गेले. चार उरलेत. म्हणून आज दत्ताचे गुण सांगायचे सोडून मी माझंच रडतोय. लोक म्हणतील, मास्टरला शोकसभेचं भान नाही. म्हणू देत. मला रात्रंदिवस दुसरं काही सुचत नाही. आणि दत्ताला विचारलं असतं, शोकसभेत काय बोलू, तर तो म्हणाला असता, आधी तारीख सांग.

तर सांगतो. माझ्या नातीचं नाव तन्वी परब. स्कॉटलंडमध्ये प्रवेश मिळालाय. विषय पाण्याचा. सगळे कागद तयार आहेत. पैसे नाहीत. कोणत्या ट्रस्टाकडे जायचं ते माहीत नाही. चार दिवस आहेत.

तन्वी, पुढे ये. सगळ्यांना दिसू दे.

ज्याच्याकडे तो कागद असेल, त्याच्याही घरात अशीच एखादी मुलगी असेल. माझ्यासारखंच दार लावून फॉर्म भरत असेल. भरा. तिचं व्हावं. ट्रस्ट एकच मुलगी घेणार असेल तर तुमची घेऊ दे, पेढे मी वाटतो. पण तो कागद दाखवा. हरायचीच असेल तर आमची पोरगी अर्ज करून हरू दे. आजोबाच्या 'नाही'मुळे नको.

आणखी एक. दत्ताचा फोन साधा, बटणांचा. कुठलाही कागद खरा की फसवा हे तो तिकडच्या पोरांना विचारायचा, आणि त्यासाठी समोर जो दिसेल त्याला सांगायचा, "जरा ह्याचा फोटो काढून रेश्माला पाठव." त्या रविवारी तुमच्यापैकी कुणी असा फोटो काढलाय का? रेश्मा, अनोळखी नंबरावरून तुला काही आलंय का? तू मान हलवतेयस, नाही म्हणून. तुझ्याबरोबर बघतायत त्यांना विचार. जे आज बघत नाहीत, त्यांनाही विचार.

आता आपण उभे राहू या. सपकाळबाई, तुम्ही बसूनच. दोन मिनिटं गप्प राहू. दत्ताचा चेहरा आठवा, त्याची ती जिन्यातली हाक आठवा, आणि जमलं तर तो रविवारही आठवा. तो कुणाच्या दारात थांबला होता, हातात काय होतं, काय म्हणाला. ह्यात त्याचा अपमान नाही. त्याला हीच श्रद्धांजली चालेल.

वहिनी, जय भीम. दत्ता, जय भीम.

आणि तिकडच्या पोरांनो, दोन मिनिटं झाली की लगेच आपापले फोन बघा आणि लिहा. सापडलं तर लिहा, नाही सापडलं तरी नाही म्हणून लिहा. उत्तर मला पाठवू नका, मी परत कुणापासून तरी लपवीन. थेट तन्वीला लिहा. लवकर लिहा.