पेस्ट की पॅड

लातुरात दसऱ्याच्या सकाळी अर्शी मॅडम जहांगीरभाईंच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात आपल्या लॅपटॉपची वाट बघत बसल्या होत्या. त्यांच्या पुढं शिवप्पा आणि त्यांची मुलगी शिवानी होती.

"जहांगीरभाई, काल खंडेनवमी. पूजेच्या आधी कॉम्प्युटरचं मशीन खोलून लख्ख पुसलं, तवापासून सारखं बंद पडून राहिलंय."

"आतलं काय पुसलं, आप्पा?"

"त्या चौकोनी पार्टावर राखाडी चिखल बसला होता. खरडून काढला."

"चिखल न्हाई, आप्पा, पेस्ट होती. प्रोसेसरची गरमी तीच पंख्याकडं नेती."

"अंकल, संध्याकाळी माझी टेस्ट हाय. मधी बंद पडलं तर पेपर गेला."

"आत्ताच करतो, बेटी. पेस्ट लावू का पॅड? पॅड म्हंजे ही मऊ चकती. चिटकवली की झालं. पण पेस्टनं जास्त गार ऱ्हातं."

"पॅड लावा, अंकल."

"पेस्ट चांगली म्हणून राहिलो ना?"

"पेस्ट पप्पांना मळ वाटती. पॅड पार्टासारखं दिसतं. पार्ट ते खरडत न्हाईत."

"हाव! पार्ट कशाला खरडू? पार्टाला मी विभूती लावतो."

जहांगीरभाईंनी चकती परत पाकिटात घातली.

"पेस्टच लावतो. वर झाकणाला कुलूप घालतो. किल्ली बेटीकडं."

"अन् मी पूजा कशाची करू?"

"कुलपाची करा, आप्पा."