मी नसलो की ते जिंकतात

...आणि वर मतदान घेतलं हो! मतदान! हात वर करून! तुम्हाला सांगतो, नुसतं तोंडावर ‘पनवती’ म्हटलं असतं ना, तर चाललं असतं, नागपूरला शाळेत आख्ख्या कॅरम टीमने म्हटलंय, आपण मनावर घेत नाही... पण इथे बैठक, अजेंडा, मुद्दा क्रमांक चार, ‘सदस्य यशपाल यांची सामन्यांतील उपस्थिती’! मी येऊ नये म्हणून चौदा मतं, यावं म्हणून दोन, एक तटस्थ. तटस्थ मीच होतो. स्वतःबद्दल काय मत देणार माणूस? आणि गुन्हा काय माझा? काय केलं होतं मी? मी फक्त बसलो होतो!

आता हे सगळं कशावरून, तर बर्फावरच्या हॉकीवरून. आपली मैदानावरची नाही, ती वेगळी. हिच्यात पात्यांचे बूट घालायचे, बॉलऐवजी काळी रबरी चकती असते, आणि ती चकती सापडली नाही की शेजारच्या माणसाला भिंतीवर चिकटवायचं, नियमात बसतं ते. मी एम.एस.ला अमेरिकेत ज्या कॉलेजात होतो ना, त्या गावात आठ महिने बर्फ आणि चार महिने डास, त्यामुळे हॉकी सोडून दुसरा धर्म नाही. आणि मी त्या कॉलेजचा मूस होतो. मूस हो, मूस! आपल्या सांबराचा लठ्ठ मामेभाऊ. टीमचा शुभंकर, मॅस्कॉट. दोन वर्षं त्या केसाळ पोशाखात शिरून मॅचला नाचलो, कारण मूसला कँटीनमध्ये जेवण फुकट होतं. प्रेमबिम नंतर जडलं.

तर त्या टीमची चार पोरं पुढे पैसे घेऊन खेळायला लागली, आणि मी दर वसंतात प्लेऑफ, म्हणजे मोसमाअखेरच्या बाद फेऱ्या, आले की त्यांच्या मागे. म्हणजे मॅच बघायच्या, जुन्या कॉलेजवाल्यांच्या ग्रुपवर रिपोर्ट टाकायचा. पहिल्याचा गुडघा गेला. दुसऱ्याचे एकाच मॅचमध्ये पाच दात गेले, तो आता दातांचा विमा विकतो, अनुभवातून विकतो म्हणून खपतो. तिसऱ्याला डोक्याला मार लागला, तेव्हापासून तो फार प्रेमाने वागतो, घरचे घाबरलेत. दरवर्षी माझा रिपोर्ट म्हणजे शोकसभेचं इतिवृत्त! राहिला एकच. डॅरेन. गोलकीपर. आणि मी जर्मनीत डार्मश्टाटला नोकरीला लागलो तर हा पठ्ठ्या तासाभरावरच्या एका छोट्या गावात, दुसऱ्या दर्जाच्या लीगमध्ये! मी म्हटलं, ही नियती. बायको, क्रांती, म्हणाली, “ही त्याची नियती. बिचारा.”

मी लगेच फॅन क्लबचा मेंबर झालो. इथे तुम्हाला नुसतं आवडून चालत नाही, फेराइन लागतो, म्हणजे रजिस्टर्ड मंडळ, अध्यक्ष, खजिनदार, आणि चिटणीस. चिटणीस म्हणजे ऊवे. टॅक्स ऑफिसमधून रिटायर झालेला, मिशी पट्टीने आखलेली, आणि प्रत्येक मॅचची एक्सेल शीट. कोण आलं, कुठे बसलं, काय झालं, सगळं. दोन हजार सोळाचा मार्च. क्वार्टर फायनल. चार जिंकेल तो पुढे, जास्तीत जास्त सात मॅच. पहिली घरच्या मैदानावर. मी गेलो. हरलो. दुसरी बाहेरगावी, मला ऑफिस होतं. जिंकलो. तिसरी घरी, मी गेलो. हरलो, सहा-एक. डॅरेनने एक चकती अडवायला हात पुढे केला आणि स्वतःच आत लोटली... मी काय केलं होतं? मी फक्त बसलो होतो!

तर ऊवे लॅपटॉप घेऊन माझ्या शेजारी आला. म्हणे, “आल्झो, तर मग, हेर यशपाल.” हेर म्हणजे इथे श्रीयुत. “ या मोसमात तुम्ही नऊ मॅचना हजर. नऊ पराभव.” अगदी हळू, बँकेतला माणूस खात्यात काही नाही म्हणून सांगतो ना, तसं. आता इथे माझी चूक झाली, मान्य करतो. माझं तोंड असं आहे की मी जोक मारला तरी लोकांना वाटतं मयताला आलोय. मी म्हटलं, “फक्त नऊ? अमेरिकेत तेवीस होते.” झालं! हसायला नको का माणसाने? त्याने विचारलं, “पुरावा आहे?” मी म्हटलं, “अर्थात.” त्याने लिहून घेतलं. मला वाटलं, आता हसेल, मग हसेल... त्याने खाली रेघ मारली. दुहेरी.

गुरुवारी बैठक, मतदान, ते मघाशी सांगितलं. फोटो काढला माझा, दारावरच्या सिक्युरिटीसाठी. समोरून आणि बाजूने. “वैयक्तिक काही नाही,” ऊवे म्हणाला, “गेनाऊ, नेमकी याच्यासाठीच तर प्रक्रिया असते.” आणि त्या चौदा मतांत एक मत कुणाचं होतं माहितीय? डॅरेनच्या बायकोचं. अ‍ॅश्लीचं. आठवा महिना, पोट सांभाळत उठली, हात वर केला, आणि माझ्याकडे बघून हसली. गोड हसली हो. त्याने जास्त लागलं.

आणि मग काय व्हावं? मी घरी, ते चौथी जिंकले. मी घरी, पाचवी जिंकले! सहाव्या मॅचला मी फोनवर नुसता स्कोअर बघितला, स्कोअर! आणि हरले. फेराइनने उपसमिती नेमली, ‘स्कोअर बघणं ही उपस्थिती मानावी काय’ यावर. मॅचेस बरोबरीत, तीन-तीन. सातवी रविवारी, पाच वाजता, घरच्या मैदानावर.

शनिवारी सकाळी बेल वाजली. दारात डॅरेन. साडेसहा फूट, हातात केक. अकरा वर्षं मी ज्या माणसाची प्रत्येक मॅच बघितली तो माझ्या दारात, आणि मी बनियनवर! तो म्हणाला, “हाय... याश-पेल? आपण भेटलोय का कधी?” मी म्हटलं, “मी मूस होतो.” त्याने मला खालपासून वरपर्यंत बघितलं. मग म्हणाला, “तो मूस तू होतास? मॅन, त्या दोन वर्षांत आपण एकतीस हरलो.” बघा! मी थाप मारून तेवीस सांगितले होते, खरे एकतीस निघाले! मग तो सोफ्यावर बसला, केक गुडघ्यांवर, आणि सांगायला लागला. वय बत्तीस. करार या मोसमापुरता. क्लबने सांगितलंय, सेमीफायनलला पोचलात तर आणखी एक वर्ष, नाही तर एक बावीस वर्षांचा फिनलंडचा पोरगा बेंचवर तयार बसलाय. नोकरी गेली तर काय, तर परत अमेरिकेत जाऊन त्या दुसऱ्याबरोबर दातांचा विमा. “अकरा वर्षं तू माझ्या मागे आहेस,” तो म्हणाला, “खरंच थँक यू. आता थांबशील का?”

मी हो म्हणणारच होतो, शपथेवर सांगतो, केक पण चांगला होता... पण मागे पप्पा उभे.

पप्पांचं सांगायचं राहिलं का? माझे वडील, सुदाम गुरुजी, तीन महिन्यांसाठी आईला घेऊन आलेले. चाळीस वर्षं नागपूरला विज्ञान शिकवलं आणि चाळीस वर्षं अंधश्रद्धेविरुद्ध काम. नुसती भाषणं नाहीत हां! चौकात कुणी उतारा ठेवला की त्यातला नारळ पप्पा घरी आणायचे, आई चटणी करायची. लोकांच्या साडेसातीवर मी लहानपणभर इडली खाल्लीय. लग्न लावलं माझं तेही अमावास्या बघून. त्या माणसासमोर साडेसहा फुटी गोरा येऊन म्हणतो, तुमचा मुलगा अपशकुनी!

डॅरेन गेल्यावर पप्पा म्हणाले, “हे काय ऐकून राह्यलो मी? माझ्या पोराला पनवती म्हणते? जर्मनीत? अबे, इथं तर कचऱ्याचे पाच डबे वेगळे ठेवते हे लोक, अन् डोक्यातला कचरा?” मी म्हटलं, “पप्पा, त्याच्या नोकरीचा प्रश्न आहे.” “मग तर जायाच पायजे! तू गेला नाही अन् तो जिंकला, तर हे लोक जन्मभर मानतीन. तू मानतो का?” मी म्हटलं, “नाही.” “मग घाबरून काऊन राह्यला?” आई आतून म्हणाली, “अहो, राहू द्या ना, त्याच्या बायकोचे दिवस भरत आले.” पप्पा म्हणाले, “अरुणा, त्या लेकराला कोणत्या जगात जन्म द्यायचा, हाच तर प्रश्न आहे.” संपलं. क्रांतीकडे बघितलं, ती केक खात होती.

पण जायचं कसं? दारावर फोटो! तर काय योग बघा... योग म्हणायचं नाही पप्पांसमोर... काय योगायोग बघा, त्या टीमचा शुभंकर आहे साळिंदर, आणि त्याच्या आत असतो मार्सेल, आमच्याच लॅबमधला विद्यार्थी, आणि मार्सेलला एकशेतीन ताप. रात्रीच त्याचा मेसेज, कुणी ओळखीचं आहे का, अनुभवी? अनुभवी! दोन वर्षं मूस! पप्पांचे डोळे चमकले. “उत्तम. म्हणजे तू हजर, अन् कोणाला माहीत नाही. खेळाडूच्या मनावर परिणाम शून्य. यालाच तर प्रयोग म्हणते.” वही काढली. ‘प्रयोग क्रमांक एक. साहित्य : मुलगा, साळिंदर.’

रविवारी मी साळिंदरात, पप्पा तिसऱ्या रांगेत. आत मार्सेलचा तीन मोसमांचा घाम, वर पाठीवर दोनशे रबरी काटे, त्यामुळे बसता येत नाही, वाकता येत नाही, नाकाच्या भोकातून मॅच बघायची. आणि काय खेळला हो डॅरेन! एक्कावन्न अडवल्या! पायाने, खांद्याने, एक तर तोंडावर! दोन-दोन झाले, जादा वेळ लागला, लोकांनी नखं संपवली, ऊवेने तिकीट खाल्लं, मी डोळ्यांनी बघितलं. आणि मी आत साळिंदरात रडतोय, अकरा वर्षांत पहिल्यांदा मी हॉलमध्ये आहे आणि आपण हरत नाहीये... आणि गोल! आपला! तीन-दोन! सेमीफायनल! डॅरेनचं आणखी एक वर्ष! अ‍ॅश्ली उभी राहून ओरडतेय, अध्यक्ष खजिनदाराला मिठी मारतोय, मला तर वाटलं आता इथेच गपचूप विषय संपवावा, पोशाख परत, घरी जाऊन वरणभात.

पण पप्पा! प्रयोग झाला की निष्कर्ष फळ्यावर लिहायचा, चाळीस वर्षांची सवय! उतरले खाली, बर्फाच्या कडेला माझ्यापाशी आले, आणि वर्गातल्या मागच्या बाकाला ऐकू जाईल अशा आवाजात इंग्रजीत, “लेडीज अँड जंटलमेन! काइंडली ऑब्झर्व्ह!” आणि साळिंदराचं डोकं दोन्ही हातांनी उपटून काढलं.

दोन हजार माणसं. सगळी माझ्याकडे बघतायत. ऊवेच्या तोंडातून तिकिटाचा तुकडा पडला.

आणि त्याच वेळी, आता मी काय सांगू तुम्हाला, त्याच वेळी डॅरेन हात पसरून सुसाट साळिंदराला मिठी मारायला येत होता. हसत येत होता हो! वीस फुटांवर त्याला माझं तोंड दिसलं. मी पण हसलो. काय करणार, ओळखीचा माणूस! त्याने ब्रेक मारायला बघितलं, पाय एकीकडे, डॅरेन दुसरीकडे, खांद्यावर आपटला भिंतीला. कड्डकन्. कॉलरबोन. मी काय केलं होतं? मी तर बसलो पण नव्हतो!

सेमीफायनलला फिनलंडचा पोरगा उभा राहिला. बरं, तो तरी हरावा? चार मॅच, चारही जिंकल्या. गावाने त्याला खांद्यावर घेतलं आणि करार पण त्यालाच दिला. डॅरेनला क्लबने फुलं पाठवली. तो आता विमा विकतो. मी एक पॉलिसी घेतली त्याच्याकडून, त्याने फॉर्मवर माझं नाव बघून आधी बॉसला विचारलं म्हणे. मला फेराइनचं पत्र आलं, सदस्यत्व रद्द, खाली ऊवेची सही, आणि हस्ताक्षरात एक ओळ : ‘परिणाम उशिरा दिसू शकतो, अशी नोंद केली आहे. माहितीबद्दल आभार.’

पप्पांनी मात्र मॅचच्याच रात्री परतीच्या ट्रेनमध्ये वहीत दोन ओळी लिहिल्या, खोडल्या. पुन्हा लिहिल्या, पान फाडलं. मी म्हटलं, “पप्पा, योगायोग आहे. नमुना लहान आहे. तुम्हीच शिकवलंय.” “हो,” म्हणाले, “लहानच आहे. चाळीस.” “चाळीस कसे?” “अमेरिकेतले एकतीस अन् इथले नऊ. आजचा धरला नाही मी.”

मग मे महिन्यात त्यांचं परतीचं विमान. मी सुट्टी घेतली, बॅगा वजन करून ठेवल्या, गाडी सांगून ठेवली, कारण आईबापाला विमानतळावर सोडायला जात नाही असा मुलगा असतो का आपल्यात? तर पप्पांनी मला गॅलरीत बोलावलं. खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, “हे पाय यशपाल, मी काही मानत नाही. तुला माहीत आहे.”

मी म्हटलं, “माहीत आहे, पप्पा.”

“पन विमानात अडीचशे लोक राह्यते,” ते म्हणाले, “अन् त्याहीचे लेकरं राह्यते. तू घरीच थांब.”

थांबलो. टॅक्सी बोलावून दिली. खाली पण उतरलो नाही, तिसऱ्या मजल्यावरून हात हलवत होतो, तर पप्पांनी खालून खूण केली... “आत हो. ड्रायव्हर तुला बघून राह्यला.”