खोकणाऱ्याला काढून टाकलं

...नाही, आवाज स्वच्छ आहे हो! स्वच्छच आहे! तेच तर दुखणं आहे ना! मुलगा म्हणतो, "बाबा, ड्रमवर काठी नुसती टेकली तरी ऐकू येते." येते की. पण मला काठी कुठे ऐकायची होती? तक्रार नाही हं माझी... नुसतं सांगतोय.

तुम्हाला सांगतो, माझ्याकडे एक कॅसेट आहे. एका रॉक बँडच्या कार्यक्रमाची, आम्ही तरुण होतो तेव्हाची. कंपनीनं काढलेली नव्हे. कुणीतरी कोटात टेपरेकॉर्डर लपवून, गर्दीत उभं राहून, चोरून भरलेली. तिची नक्कल, त्या नकलेची नक्कल, असं करत करत ती आमच्या कचेरीत पोचली. आवक-जावकच्या टेबलावर आमचा लंबू बसायचा, त्यानं ती फायलीखालून माझ्याकडे सरकवली. "साहेबांना दाखवू नकोस, मागून घेतील." साहेब काय मागतायत! त्यांना बासरी आणि गिरणीचा भोंगा यातला फरक... जाऊ द्या.

घरी येऊन लावली. अरे देवा! पाण्याखाली बसून वाजवावं तसा बँड, गायक कुठल्याशा विहिरीत, आणि सगळ्यात जवळ कोण? तर एक खोकणारा! त्या चोराला अगदी खेटून उभा असणार. तिसऱ्या गाण्यात सगळं थांबतं, गायक एकटाच हळू आवाजात सुरू करतो ना, नेमका तिथे... खॉक्! खॉक् खॉक्! मग कुणी बाई म्हणते "शूऽऽ", मग कुणाची तरी बाटली पडते आणि गडगडत लांबवर जाते...

पण ऐकत गेलो. आणि काय होतं माहितीये? ऐकता ऐकता ते सभागृहच उभं राहायला लागतं. छत केवढं उंच, माणसं किती दाटीनं. गायक शब्द विसरतो, लोकच त्याला पुरवतात, तो हसतो... आणि मला सारखा तो भरणारा दिसतो. विचार करा, एवढा बँड समोर पेटलाय, सगळे नाचतायत, आणि हा एकटा खांबासारखा उभा! टाळी वाजवायची नाही, रेकॉर्डिंगमध्ये येईल. गायचं नाही. हलायचं नाही. ज्याला सगळ्यात जास्त आवडत होतं, तोच एकटा नाचला नाही. का? तर माझ्यासारख्या कुठल्याशा कारकुनाला ऐकता यावं म्हणून. आणि लोक याला चोरी म्हणतात!

बरं, त्यात कॅसेटची बाजू संपते! शेवटच्या गाण्यात गिटारवाला चढतोय, चढतोय, आता काय करतो, आता काय करतो... खट्! उलटून लावली की थेट लोकांचा कल्लोळ. मधे त्यानं काय वाजवलं? ते इतकी वर्षं मी मनात वाजवत आलोय. कचेरीत जोडपत्रं टाचताना वाजवलंय, दातांच्या डॉक्टरपुढे आ करून बसलो असताना वाजवलंय. दर वेळी निराळं.

तर मध्यंतरी घराला रंग द्यायचं निघालं. सूनबाई म्हणाली, "बाबा, ते धूड..." धूड म्हणजे माझा कॅसेट प्लेअर! "...काढून टाकू या का?" तक्रार नाही... नुसतं सांगतोय. तर गेल्या महिन्यात एक दिवस मुलगा आला तो हसतच. त्या बँडच्या कंपनीनं म्हणे तोच कार्यक्रम आता बाहेर काढलाय! त्यांच्याकडेही टेप होती, कपाटात पडलेली. अख्खा कार्यक्रम, धुऊनपुसून! पोरानं कुठून कुठून मिळवला, रजा टाकली, मला सोफ्यावर बसवलं, स्पीकर लावले आणि माझ्या तोंडाकडे बघत बसला. आता तुम्हीच सांगा, बापानं तोंड कसं करावं? छान म्हटलं, तर धूड भंगारात आणि कॅसेट मुकी. नाही म्हटलं, तर एवढ्या हौसेनं आणलेल्या पोराचा चेहरा पडणार.

लागलं. गायक विहिरीतून वर आलेला. शब्द विसरतच नाही! "ते नंतर स्टुडिओत दुरुस्त केलंय, बाबा." अस्सं? लोक म्हणाल तर शेजारच्या इमारतीत. आणि मग आलं शेवटचं गाणं... ती जागा! मी सोफ्याच्या कडेला सरकलो. गिटारवाला चढला, चढला, आणि काय केलं? मघाचंच पुन्हा वाजवलं! तेच! आणि थांबला! वाईट नव्हतं हो, चांगलंच होतं. पण... कसं सांगू... मी बरं वाजवत होतो.

"कसं वाटलं, बाबा?"

मी तोंड उघडलं, "छा..." म्हणालो, तेवढ्यात आतून ही आली, ओले हात पुसत. आता ही म्हणजे कॅसेट लागली की दार ओढून घेणारी बाई. दारात उभी राहिली आणि म्हणाली, "अहो, तो खोकणारा कुठे गेला? मघापासून वाट बघतेय मी."

मुलगा म्हणाला, "आई, काढून टाकलं त्याला."

"काढून टाकलं? का? त्यानं काय केलं होतं?"

"अगं, त्रास होतो ऐकताना."

"खोकणाऱ्याला काढायचं म्हटलं, तर या घरात तुझे बाबा तरी राहतील का रे?"

पोरगं माझ्याकडे बघून असं हसलं, असं हसलं की स्वतःच उठून त्यानं स्पीकर बंद केले. सूनबाईनं रंगाऱ्याला सांगितलं, धूड जागेवरच राहू दे, त्याच्या कडेकडेनं लाव. मी म्हटलं, सुटलो!

कुठलं सुटतोय! इतकी वर्षं वाटायचं, हिनं एकदा तरी माझ्या शेजारी बसून ऐकावं. आता बसते. रोज दुपारी. आणि सांगत असते, "आता खोकेल बघा... खोकला! आता ती बाई दटावेल... त्याची बायको असेल का हो? इतक्या खोकल्यात कशाला आणायचं माणसाला! थांबा, थांबा, बाटली..." शेवटी काल म्हटलं, अगं, मला जरा गाणं ऐकू दे की!

तर म्हणते, "गाणं त्या नव्यात ऐका ना. त्यात स्पष्ट येतं."