जयेशने घेतलेले टायर

आमच्या नरपडच्या जयेशचं ऐका. रोज बाइकवरून तलासरीला कंपनीत जायचा आणि वर्षातून एकदा तीच बाइक रेस ट्रॅकवर न्यायचा. टायरच्या दोन जोड्या परवडत नव्हत्या, म्हणून दोन्हीकडे चालतील असे बघायला आम्ही डहाणू रोडला गेलो.

त्याचा हात सारखा मऊ रबराच्या, जवळजवळ गुळगुळीत टायरवर जात होता. दुकानदार म्हणाला, "ट्रॅकवर हा मस्त चिकटतो, पण ओल्या रस्त्यावर भरवसा नाही. खोल खाचांचा घे. ट्रॅकवर थोडा मागे पडशील."

"मागे पडायला जातो का मी तिकडे?" जयेश चिडला. पण पावसात रोज हायवे होता, म्हणून खाचांचेच घेतले. ट्रॅकवर शेवटून दुसरा आला.

पुढे जुलैत तलासरीजवळ भर पावसात एक लहान मुलगी अचानक हायवेवर धावत आली. मी मागे बसलो होतो. जयेशने ब्रेक दाबला आणि बाइक न घसरता तिच्यापासून हातभर अंतरावर थांबली. तिच्या आईने धावत येऊन तिला उचललं आणि जयेशला वाट्टेल ते बोलायला लागली.

मी म्हणालो, "अहो ताई, याची काय चूक?"

जयेशने माझा हात धरला.

"बोलू दे रे त्यांना. पोरगी कडेवर आहे, म्हणून शिव्या सुचतायत."