हिरामावशीचं 'नाय'

मंडळी, बसून घ्या. पुढे खुर्च्या आहेत. हिरामावशीची सून सुनंदा, आणि करंजाहून टेम्पो करून आलेले तिचे सगळे नातेवाईक, तुम्हीही पुढे या. जन्मभर वर्गात बडबड केली मी, पण शोकसभेत बोलायची ही पहिलीच वेळ. सांभाळून घ्या.

मी मराठीचा मास्तर, निवृत्त. पक्का शाकाहारी. बोंबील चाखणं सोडा, त्याच्याकडे कधी नीट पाहिलंही नाही. आणि माझा आदर्श कोण? आपल्या सोसायटीच्या गेटजवळ पाटी घेऊन बसणारी मासेवाली! हसा. मावशीही हसली असती.

आता एक कबुली. मावशीला उठवा, वास येतो, हा पहिला अर्ज मीच लिहिला होता. तळोज्याकडून वारा सुटला की केमिकलचा वास घरात शिरतो, तेव्हा आपण खिडक्या लावून गप्प बसतो. पण मावशीच्या मांदेलीच्या वासावर मी दोन पानं लिहिली. शुद्धलेखन तपासून.

सोसायटीने तिच्याकडे लेखी उत्तर मागितलं. ती कागद घेऊन आली कुणाकडे? माझ्याकडे! म्हणाली, "मास्तर, तक्रार तुमीच लिवलीत ना? मंग उत्तर पन तुमीच लिवा. अक्षर चांगलं हाय तुमचं."

मेल्याहून मेल्यासारखं झालं हो! बसलो लिहायला. "माझे पोट या जागेवर अवलंबून असल्याने मला येथून हलणे शक्य नाही." वाचून दाखवलं. मावशी भडकली. "मी आसं बोललेच नाय! शक्य हाय. पाटी डोक्यावर घेतली का झालं. पन मी हलनार नाय. तेवढंच लिवा."

मी म्हटलं, अहो मावशी, 'नाय' नव्हे, 'नाही'. तर म्हणते, "तुमचं नाही जाम मऊ हाय, मास्तर. कोनी पन दाबल."

तीन शब्दांचं उत्तर गेलं. मी हलनार नाय. खाली अंगठा. सोसायटी गार!

पुढे आमची ही गेली. मुलाने धोशा लावला, बाबा, पुण्याला चला. मी म्हणत राहिलो, शक्य नाही रे. त्याने शक्य करून दाखवलं. खोके आले, टेम्पो ठरला. मी गेटशी तोंड पाडून उभा. मावशी कोळंबी सोलता सोलता म्हणाली, "जायचं हाय का तुमाला?" मी म्हटलं, नाही हो. "मंग शक्य नाय कशाला सांगता? नाय सांगा की!"

तिथेच फोन लावला. म्हटलं, "नाय." मुलगा विचारतो, "कोण बोलतंय?" तो आज मागे उभा आहे, विचारा त्याला. त्या एका शब्दामुळे मी आज माझ्या घरात आहे, हिने लावलेल्या जास्वंदीला पाणी घालतोय. मला मावशीची फार आठवण येते हो.

मावशीला जाऊन दहा दिवस झाले नाहीत, आणि अध्यक्षसाहेबांनी माझ्यापुढे कागद ठेवलाय. गेटजवळची जागा मोकळी झाली, तिथे कुंड्या मांडायच्या. सुनंदाला बसू द्यायचं नाही. सचिव म्हणून माझी सही तेवढी बाकी आहे. साहेब, रविवारी सकाळी पाटीशी सगळ्यांत आधी कोण उभं असायचं? मोठी पापलेटं पानाखाली झाकून कुणासाठी ठेवायची ती? तेव्हा नाही का वास आला?

हा बघा तो कागद. साहेब, सही करणं शक्य आहे. पेन आहे, हात धड आहे. पण करनार नाय!

सुनंदा, उद्या सकाळी पाटी घेऊन ये. मी शेजारी खुर्ची टाकून बसेन. नाकाला रुमाल लावेन, त्याचा राग मानू नकोस.

आता उभे राहूया. मावशी दोन मिनिटं कधी गप्प बसली नाही, म्हणून तिच्या वाटची शांतता आपणच पाळू. मावशी, मास्तरचा नमस्कार. सहीच्या जागी तुमचा शब्द लिहिलाय. 'नाय.' शुद्धलेखन तपासलंय.